मागच्या रांगेतली खुर्ची

रात्रीची थर्ड शिफ्ट करून मी खोलीवर आले की खालच्या वर्कशॉपमधली पत्रा ठोकायची मशीन सुरू व्हायची. त्या दिवशी तर डोळे जळत होते, अंगात त्राण नव्हतं. शेवटी दुपारी चाकणच्या बाजारामागच्या जुन्या टॉकीजचं तिकीट काढलं आणि अंधारात शिरले... तर तोंडावर बॅटरीचा उजेड!

“कुठली शिफ्ट?”

“तुम्हाला काय करायचंय? पिक्चर बघायला आलेय मी.”

“दुपारचा इथं पिक्चर कुणी बघत न्हाई,” तो हसला. “सेकंडवाले पुढं बसत्यात, त्यांना इंटरव्हलला उठवतो. कंपनीची बस गाठायची असती. थर्डवाले मागं. त्यांना शेवटपर्यंत झोपू देतो.”

मी मुकाट्याने मागे जाऊन बसले.

तो प्रज्वल. तिकीट, बॅटरी, पिक्चरचं मशीन — सगळं तोच बघायचा. त्याच्या आजोबांनी, मालोजींनी, कांद्याच्या बाजाराला येणाऱ्या माणसांसाठी इथे तंबू ठोकला होता. मग पत्रे आले, भिंती आल्या, बाल्कनी आली. पुढे कंपन्या आल्या, आणि खेळाच्या वेळा बाजाराऐवजी शिफ्टवर ठरू लागल्या. हे त्याने मला पायरीवर चहा पिता पिता थोडं थोडं सांगितलं. मी पेंगत ऐकायचे, पण ऐकायचे. पडद्यावर मारामारी लागली की तो आवाज कमी करायचा, झोपलेल्यांसाठी. बहुतेक मी तिथेच त्याच्यात गुंतले.

“स्वप्नाली, घोरतेस तू,” एकदा म्हणाला.

“खोटं! जागीच असते मी. माझ्या खुर्चीपाशी किती चकरा मारतोस, सगळं कळायलंय मला.”

त्याला चहाचा ठसका लागला.

मग टॉकीज विकली गेली. प्रज्वलला एका गोडाऊनवर नोकरी लागली, सकाळच्या फर्स्ट शिफ्टची. तो निघणार तेव्हा मी परतणार, तो परतणार तेव्हा मी झोपणार. भेटायचं कधी? तो काही बोलेना, आणि मला विचारायचा धीर होईना.

शेवटच्या खेळाला मी मागे गेलेच नाही. मधोमध बसले. तो आला. चेहरा पार उतरलेला, तरी सवयीने म्हणाला,

“कुठली शिफ्ट?”

“फर्स्ट. सोमवारपासून. सुपरवायझरच्या मागं लागून बदलून घेतली.”

“का गं?”

“आता तेही मीच सांगू?... आवडतोस तू मला. तू बोलशील, तू बोलशील म्हणून वाट बघून दमले रे मी.”

तो शेजारी बसला. बॅटरी हातात तशीच पेटती.

“मागच्या रांगेतली तुझी खुर्ची... काल उचकटून घरी नेली मी. म्हणलं, तू तर जाणार. खुर्ची तरी ऱ्हाईल.”

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. काहीतरी चिडवायचं म्हणून मी वळले, तर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलेलं. आठवडाभर आवराआवर करून बिचारा गळून गेला होता.

पडद्यावर मारामारी लागली. आवाज कमी करायला आज कुणी उठलं नाही. मी त्याच्या हातातली बॅटरी अलगद काढून विझवली, आणि खेळ संपेपर्यंत त्याला उठवलं नाही.