दरवर्षी सरकणारी तारीख

त्या काळात कारखान्याविरुद्ध साक्ष द्यायला माणसं शोधावी लागत नसत. माणसं फिरतात, विसरतात, साहेबासमोर मान खाली घालतात. साक्ष माती देई. प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या जमिनीत कायद्यानेच साक्षीजंतू सोडलेले असत. हे जिवाणू रोजच्या ऊन-गारव्याची एकेक खूण आपल्या जनुकांच्या धाग्यावर करीत, आणि एखादं परकं रसायन अंगावरून गेलं की त्या दिवसाच्या खुणेशी एक गाठ मारून ठेवीत. ती गाठ पुढच्या पिढ्यांतही तशीच उतरे. खुणा मोजल्या आणि गाठी वाचल्या की रसायन कोणत्या तारखेला आलं ते कळे.

कवठेखोरीच्या बंद पडलेल्या यंत्रकारखान्यात डॉ. शलाका गोगटे अशाच गाठी वाचत बसल्या होत्या. समोर हणमंत घुगरे होता, इथला जुना फोरमन. त्याची बायको द्वारका मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गेली. गावातली आणखी अकरा माणसं गेली, सगळी एकाच विहिरीचं पाणी पिणारी. त्या विहिरीत विष कुणी घातलं त्याचं नाव कळावं म्हणून हणमंतने नऊ वर्षं सरकारी पायऱ्या झिजवल्या होत्या. कळल्यावर काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. फक्त नाव ऐकायचं होतं. आज गावही त्यासाठीच बाहेर शेडच्या सावलीत बसलं होतं.

"गळती नाही, काका," शलाका म्हणाल्या. "टाकी फुटली असती तर गाठी सलग आल्या असत्या. इथे वर्षातून एकच आहे. ग्रीस काढायच्या द्रावणाची."

"गोडं पाणी," हणमंत म्हणाला. गोडसर वासामुळे कामगारांनी त्याला हे नाव ठेवलं होतं.

"तेच. ते पाण्याहून जड असतं, पुरेसं सांडलं की मातीतून थेट भूजलाच्या तळापर्यंत उतरतं. तिथे पोचलेली एक बादली विहीर पिढीभर नासवायला पुरते. पण कंपनीच्या नोंदीत यातल्या प्रत्येक दिवशी यंत्रं बंद आहेत. आणि तारखा बघा. त्रेचाळीस साली अकरा ऑक्टोबर, चव्वेचाळीसला एक, पंचेचाळीसला एकदम एकोणीस, मग आठ, मग सत्तावीस सप्टेंबर. संगणकाला यात काही सूत्र सापडत नाही. तुम्हाला काही सुचतंय?"

संगणक हुशार होता, पण त्याला कुणी पंचांग दिलं नव्हतं. हणमंतने बोटांच्या पेरांवर मोजलं. दहा-अकरा दिवस मागे, आणि अधिक महिना आला की पुढे. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी त्याने मोजलं. गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"खंडेनवमी," तो म्हणाला.

शलाकांनी तारखा ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या.

"पण यंत्रांच्या पूजेत द्रावण कशाला?"

"पूजेआदी मशिनी धुवायला. चकचकीत करायच्या, मग हळद-कुंकू. एरवी धुतलेलं पिंपात जायाचं, कंपनी न्यायची. पर त्या दिवसाचं पूजेचं पडलं. ते पिंपात कसं टाकायचं? पायाखाली येऊ नये म्हनून मागच्या उंबराच्या बुडात वतायचं."

"कोण ओतायचं?"

"फोरमनचा मान."

शलाकांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता. "काका, जंतूंना तारीख लिहिता येते, हेतू लिहिता येत नाही. आणि मला अहवालात नाव लिहावं लागतं."

"लिवा."

हणमंतला वाटलं, आपल्याला आता रडू यायला हवं. आलं नाही. भूल दिलेल्या दाढेसारखं आत सगळं बधिर होतं.

"हीर कवा नासली?"

"सेहेचाळीस सालच्या गाठीनंतर. त्या वर्षी नेहमीपेक्षा बरंच जास्त ओतलं गेलंय."

"दोन बादल्या जास्त," तो म्हणाला. "झाड वाळाय लागलं हुतं. म्हटलं, पूजेच्यानं जगंल."

तो उठून बाहेर आला. तरणा मुलगा गमावलेली पारूबाई सगळ्यांत पुढे बसली होती.

"घावला का रं, हणमंता?"

"घावला."

तो पुढे बोलेल म्हणून सगळे थांबले. तो उन्हातच उभा राहिला, तेव्हा पारूबाई सरकली आणि तिने त्याला सावलीत जागा करून दिली.