त्याने कापलेली ओळ

तो चष्मा करायला आलाच नव्हता.

"शेजारचे शिंपी दुकान कधी उघडतात हो?" त्याने दारातूनच विचारलं.

"त्यांच्या मनात आलं की," काउंटरमागची बाई म्हणाली.

उत्तर ऐकून त्याला हसू आलं आणि हसू आलं म्हणून तो आत आला. काउंटरवर पुठ्ठ्याचं एक कार्ड पडलं होतं. वाचायची खोड जडलेली माणसं समोरचा कागद सोडत नाहीत. त्यानेही ते उचललं. वर टपोरी अक्षरं, खाली त्याहून लहान, मग आणखी लहान... एकेक ओळ उतरत जाताना त्याचा हात पुढे पुढे सरकत होता. कार्डावर गोष्ट होती.

'शेजारी नवा भाडेकरू आला. बाईंनी विचारलं, किती जण? तो म्हणाला, एकटाच. पण भिंतीपलीकडून रोज दोन कप वाजायचे. महिनाभराने बाईंनी विचारलंच. तो म्हणाला, एकाच कपाचा आवाज फार मोठा होतो हो.'

त्याखाली आणखी एक ओळ होती, अगदी मुंगीएवढी. त्याचं कोपर सरळ झालं, तरी ती काही लागेना.

"पुढे काय लिहिलंय?"

"ते डोळे तपासल्यावर कळेल."

"माझे डोळे उत्तम आहेत."

"डोळे उत्तमच आहेत," ती म्हणाली. "हात आखूड पडतोय."

यावर कोणाचं काय चालणार? दहा मिनिटांनी तो आतल्या अंधाऱ्या खोलीत, नाकावर ती जड गोल फ्रेम घेऊन बसला होता आणि ती एकेक काच बदलत विचारत होती, "आता बरं दिसतं की आधीचं?"

"आधीचं पुन्हा दाखवा."

तिने दाखवलं.

"नंतरचं पुन्हा दाखवा..."

अकरा वर्षं ती हे काम करत होती. लोकांच्या डोळ्यांत इतक्या जवळून बघायचं की पापणीचा केसही मोजता यावा. लोक मात्र कधी तिच्याकडे बघत नसत. तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत. त्यांचं बरोबरच होतं, अक्षरांसाठीच तर यायचे.

"काय दिसतंय?" तिने शेवटची काच बसवून विचारलं.

"तुम्ही दमलेल्या दिसताय," तो म्हणाला.

तिने घाईघाईने दिवा लावला. जवळचा नंबर लिहिला, आणि खालच्या ओळीत पुन्हा तोच लिहिला. मग कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ती मुंगीएवढी ओळ वाचली: 'त्या दिवशी बाईंनीही कपाटातला दुसरा कप खाली काढला.'

त्याने कार्ड उलटून पाहिलं. मागे नाव नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. पूर्वी छापील कार्ड होतं, 'स्वच्छतेचे फायदे'. जुन्या गिऱ्हाइकांना ते तोंडपाठ. एका निवृत्त मास्तरांनी डोळे मिटून वाचून दाखवलं आणि मी चुकीचा नंबर दिला! मालक असे भडकले... तेव्हापासून दर महिन्याला मी नवीन गोष्ट लिहिते. जागा असते तळहाताएवढी, म्हणून गोष्टही तेवढीच."

"तुम्हाला माहीत आहे का, याला अलक म्हणतात? अति लघु कथा."

"हो? मी बारीक गोष्ट म्हणते."

तो एका साप्ताहिकात उपसंपादक होता आणि त्याच्याकडे 'शंभर शब्द' नावाचं पान होतं. शंभर शब्दांपेक्षा मोठी गोष्ट तिथे छापत नसत, सांगायला साक्षात मालकाची सासू आली तरी. हे त्याने सांगितलं, चष्म्याचे आगाऊ पैसे दिले आणि शिंप्याची चौकशी विसरून निघून गेला.

आणि मग तो येतच राहिला. नाकाला रुततंय म्हणून आला, स्क्रू ढिला झाला म्हणून आला, काच पुसायचं फडकं हरवलं म्हणून आला.

"तुझं साप्ताहिक आलं गं!" दुकानाचे मालक बाहेरून ओरडायचे. साठीचे गृहस्थ, जिभेला हाड नाही. "नावाला साप्ताहिक. आठवड्यातून तीनदा निघतं."

ती फ्रेम हातात घेऊन उगाचच स्क्रू पिळत बसायची आणि तो गोष्टींबद्दल बोलायचा.

"गोष्ट जितकी उशिरा सुरू करता येईल तितकी करा. माणूस घरातून निघाला, बसमध्ये बसला, हे कशाला? दारावरची बेल वाजली, तिथे सुरू करा."

"आणि संपवायची कुठे?"

"तुम्हाला संपवावीशी वाटेल त्याच्या एक ओळ आधी. शेवटी समजावून सांगायचं नाही. वाचक घरी आलेला पाहुणा असतो, त्याला बसायला एक खुर्ची मोकळी ठेवायची."

"आमच्याकडे पाहुणे येत नाहीत," ती सहज बोलून गेली. मग जीभ चावली.

त्याने ते ऐकलं, पण लगेच विचारलं नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, "चला, एक खेळ. आपापलं आयुष्य सांगायचं, दहा शब्दांच्या आत. आधी मी. 'मी लग्न केलं. ती कंटाळली. दोघांनी सह्या केल्या.' आठ."

ती हसली नाही. बोटांवर मोजत म्हणाली, "'आई आजारी पडली, मी थांबले. आई गेली, मी तिथेच.' नऊ."

"माझ्यापेक्षा एक जास्त झाला."

"काढा मग एक."

त्याने खूप विचार केल्यासारखं केलं. "नाही," तो म्हणाला, "यातला एकही निघत नाही." आणि चष्मा न घेताच निघाला, तेव्हा तिला त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावावं लागलं. चष्मा देताना बोटांना बोटं लागली. तेवढंच. पण ती दुकानात परतली तेव्हा मालकांनी तिच्याकडे बघून पंख्याचा वेग वाढवला.

आता खरं सांगायचं तर या बारीक गोष्टींनी तिला केव्हाच सावरलं होतं. आई गेल्यावर घर अंगावर यायचं. दोन खोल्या, एक खिडकी, रविवारी परगावच्या ताईचा फोन. कादंबरी लिहायला लागणारा धीर तिच्याजवळ नव्हता आणि दुःख करत बसायला सवड नव्हती. पण एक गोष्ट दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मावायची. सकाळी बसमध्ये पहिलं वाक्य सुचलं की दिवसभर ते घोळवायचं, संध्याकाळी भाजी चिरताना त्यातले शब्द उडवायचे. लोकांकडे नीट बघायची सवय लागली. कोण कोणाचा हात धरून आलं, कोण एकटंच आलं, चष्मा लागल्यावर कोणी आधी आरशात पाहिलं आणि कोणी सोबतच्या माणसाकडे. एकटेपणा गेला नव्हता. पण त्याला काहीतरी काम मिळालं होतं, त्यामुळे तो दिवसा तरी फारसा त्रास देत नसे.

"माझ्या पानासाठी एक द्या ना," त्याने एकदा म्हटलं. "एक तरी."

तिने पंधरा दिवस घेतले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे घडलं होतं तेच लिहिलं:

'ती रोज लोकांच्या डोळ्यांत बघायची. कामच होतं ते. लोक मात्र तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायचे. एक दिवस एकाला तिने विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, तुम्ही दमलेल्या दिसताय. तिने घाईघाईने दिवा लावला आणि त्याचा नंबर दोनदा लिहिला. तो पुन्हा यावा असं तिला फार वाटतं, चष्म्यासाठी नाही, तिच्यासाठी.'

शेवटची ओळ लिहिताना तिचे कान गरम झाले होते. शेवटी समजावून सांगायचं नसतं, हे तिला का ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. ती ओळ वाचकांसाठी नव्हतीच. छत्तीस वर्षांच्या बाईने समोर उभं राहून जे बोलायचं, ते तिच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून तिने ते पाकिटात घालून पाठवलं. आता तो वाचेल. वाचेल आणि मग... मग बघू.

गुरुवारी अंक आला. मालकांनीच आणला, पान उघडून काउंटरवर ठेवला. गोष्ट होती, नावही होतं. '...त्याचा नंबर दोनदा लिहिला.' आणि पुढे कोरी जागा.

ओळ नव्हती.

तिने पान उलटून पाहिलं, जणू ती मागच्या बाजूला सांडली असेल. त्याने वाचलं होतं, नीट वाचलं होतं, आणि कापलं होतं. नको असलेलं कापायचं असतं, त्यानेच शिकवलं होतं. याहून स्पष्ट उत्तर माणसाने द्यावं तरी कसं?

रविवारी ताईचा फोन आला. "किती छान लिहिलंयस गं! पण त्या बाईला तो आवडतो ना? मग बोलत का नाही ती, तोंड शिवलंय का तिचं?"

"गोष्ट तिथेच संपते, ताई."

"हे काय संपणं झालं!" ताई म्हणाली आणि मुलांच्या परीक्षांवर गेली. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीशी बसून राहिली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, खालून एकाच छत्रीत दोघं जण भांडत चालले होते. तिला त्यांच्या भांडणाचाही हेवा वाटला.

मंगळवारी तो आला. "मालक, त्यांची फ्रेम तुम्हीच बघा," असं म्हणून ती आत गेली. गुरुवारी आला, तेव्हाही तेच. मालक पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. नव्या महिन्याचं कार्ड तिने केलं नाही; कपाटातून 'स्वच्छतेचे फायदे' काढून काउंटरवर ठेवलं.

शनिवारी तो सरळ म्हणाला, "तपासणी करायची आहे. नीट दिसत नाही." तपासणीला नाही म्हणायची सोय नव्हती.

अंधाऱ्या खोलीत ती वहीकडे बघत म्हणाली, "काय त्रास होतोय?"

"इथे एक बाई असायच्या. आठ दिवस झाले, दिसत नाहीत."

"त्याला औषध नाही आमच्याकडे. डावा डोळा झाका."

त्याने आज्ञाधारकपणे झाकला. "काही चुकलं का माझं? गोष्ट तर काय सुंदर झाली! अकरा फोन आले. आमच्याकडे अकरा म्हणजे पूर."

"शेवटची ओळ नव्हती."

"हो, ती मीच काढली. गोष्ट कुठल्या कुठे गेली, बघितलंत ना? वाचकाला आधीच सगळं कळलेलं असतं."

"वाचकाला कळलं," ती म्हणाली. तिने वहीवरून मान वर केली. "तुम्हाला?"

त्याचा डोळ्यावरचा हात खाली आला. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि काचांच्या पेटीतल्या काचा किणकिणल्या.

"मला... वाटलं होतं," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलंच होतं. मग म्हटलं, वाक्य माझं असलं तरी वाटणं गोष्टीतल्या बाईचं. एकेचाळीस वर्षांचा माणूस, लोकांच्या गोष्टींत स्वतःला शोधायला लागला, तर त्याने ही नोकरी सोडावी. म्हणून पेन्सिल फिरवली. ओळ गेली की शंकाही जाईल..."

"गेली?"

"नाही ना! म्हणून तर घरी बसून चष्म्याचे स्क्रू ढिले करतोय मी."

तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे ती भलतीच कानकोंडी झाली.

"ती ओळ पुन्हा सांगाल?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. एका ओळीत नाही सांगता येणार आता." तिने वही मिटली. "मला तुम्ही आवडता. नुसते आवडत नाही. तुम्ही आला नाहीत की शिंप्याचं दुकान उघडलं का, हे बघायला मी चारदा बाहेर जाते. मला काय करायचंय शिंप्याशी? घरी गेले की तुम्हाला सांगायच्या गोष्टी साठतात. सांगायला कोणी नसतं म्हणून लिहिते. लिहिलं की बरं वाटतं, खरंच वाटतं... पण कागद मिटला की पुन्हा तेवढंच एकटं वाटतं. मला कंटाळा आलाय हो शंभर शब्दांत राहायचा. मला कोणाशी तरी लांबलचक बोलायचंय. कंटाळवाणं, तेच तेच, बसमध्ये काय झालं ते, घरातून निघाल्यापासून. आणि ते मला तुमच्याशीच बोलायचंय."

ती दम लागल्यासारखी थांबली. त्याने तिचा हात हातात घेतला, अगदी सावकाश, तिला काढून घ्यायचा असेल तर वेळ मिळावा म्हणून. तिने काढून घेतला नाही.

"अजून आहे?" त्याने विचारलं.

"पुष्कळ आहे."

"मग सांगा. मी काही कापणार नाही."

दारावर टकटक झाली. "अगं पोरी, बाहेर दोघं जण खोळंबलेत!" मालक म्हणाले. अकरा वर्षांत तिने गिऱ्हाइकाला पाच मिनिटंही ताटकळत ठेवलं नव्हतं.

"बसू द्या त्यांना," ती आतूनच म्हणाली आणि स्टूल त्याच्या जवळ ओढून बसली.