अस्वलिणीचं पारणं

त्या दिवशी आम्ही नुसती पाटी बघायला गेलो होतो. निपाणीहून बेळगावला जाताना हायवे सोडून आत वळलं की प्राणिसंग्रहालय लागतं. तिथली जनावरं सगळी इथल्याच रानांतली. कुणी विहिरीतून काढलेलं, कुणी उसाच्या फडात सापडलेलं. त्यातलं एखादं वर्षभरासाठी दत्तक घेता येतं. त्याच्या खाण्याचा खर्च आपण उचलायचा, मग पिंजऱ्यावर आपल्या नावाची पाटी लागते. माझे यजमान जिनेंद्र यांनी त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या आक्काताईंच्या नावानं असं एक जनावर घेतलं होतं.

जैनांच्या घरात दत्तक जनावर निवडणं हे मुलीला स्थळ बघण्यापेक्षा अवघड. बिबट्या बाद, कोल्हा बाद, तरसाचं तर नावच नको. आक्काताईंच्या पुण्याईवर मटणाचा खर्च कसा पडू द्यायचा? हरणं आधीच दुसऱ्यांनी पळवलेली. शेवटी कणकुंबीच्या जंगलातून आणलेली एक म्हातारी अस्वलीण पसंत पडली. फळं खाते, नाचणीची पेज खाते. मधही खाते म्हटल्यावर जिनेंद्र अडखळले, मध आम्हाला वर्ज्य. मग मध सोडून बाकीचं आमच्याकडून, असं ठरलं. रानात ती वाळवी खाते, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही.

आक्काताई भाद्रपदात गेल्या. दशलक्षण पर्वाचे उपवास चालू होते. अन्नाचा कण नाही, फक्त तापवून निवलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंतच. शेवटचा एक उपवास उरला होता आणि पहाटे त्या झोपेतच गेल्या. पारणं, म्हणजे उपवास सोडणं, आमच्यात घरच्या माणसाच्या हातून होतं. त्यांचं पारणं दरवर्षी माझ्या हातून व्हायचं, उसाच्या रसानं. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी आयुष्यात कधी बरं म्हटलं नाही, पण पारण्याला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. यंदा ते राहून गेलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

जिनेंद्रना तर माझ्याहून जास्त. नाव नोंदवलं त्या दिवशी ते पिंजऱ्यासमोर हात जोडून उभे राहिले, णमोकार मंत्र म्हटला आणि म्हणाले, "आई, तुझं राहिलेलं हिच्याकडनं पुरं होऊ दे."

त्यांच्या मनात पारणं होतं. ही जेवेल ते आईला पोचेल, एवढाच भाबडा हिशेब. राहिलेलं म्हणजे आधी तो उपवास, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तर आम्ही पाटी बघायला गेलो, तेव्हा उन्हं उतरली होती. थंडीचे दिवस. बांबूच्या बेटात धुकं साचायला लागलेलं, त्यातून मोरांचं ओरडणं येत होतं आणि ओल्या केसांचा जड वास. पाटी छान लागली होती. पाटीखाली अस्वलीण पाठ करून बसली होती, मावळतीकडं तोंड करून, अगदी निश्चल. तिच्याभोवतीचं धुकंसुद्धा हलत नव्हतं. आपण जागे आहोत ना, असं मला उगीच वाटून गेलं.

तिची देखभाल करणारा शामू बादली घेऊन आला. अस्वलाला तो कानडीतलं करडी म्हणायचा.

"आण्णा, तुमची करडी खाईना झालीया."

"कधीपासनं?"

"तुमी नाव घालून गेलासा... तवापासनं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"रगत तपासलं, सुई दिली. रोग न्हाय म्हणत्यात. पर असंच चाललं तर जगायची न्हाय." त्यानं आवाज खाली आणला. "नुसतं पाणी पितीया बगा. तेबी थंड शिवत न्हाय. म्या तापवून निववून ठेवलं, ते प्याली. आन् दिस बुडला की... तेबी न्हाय."

जिनेंद्रनी माझा दंड धरला. आई गेली त्या पहाटेही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"प्रिया," ते म्हणाले, "आई पुन्हा उपाशीच जाईल गं."

रात्री आम्ही बेळगावात माझ्या बहिणीकडं राहिलो. सकाळी दिवस उगवल्यावर गुऱ्हाळावरून ताजा रस तांब्यात घेतला. डॉक्टरांनी परवानगी दिली. त्यांचेही उपाय थकले होते. शामूनं आम्हाला पिंजऱ्यामागच्या खोलीत नेलं. आत काळोख होता, आणि गजांपलीकडं तिचा सावकाश चाललेला श्वास.

"आई," मी म्हटलं, "पारणं आहे."

ती उठली. मागच्या पायांवर उभी राहिली आणि गजांपाशी येऊन तिनं ती लांब नखं एकमेकांत गुंतवून ओंजळ केली. शामू दोन पावलं मागं सरकला. मी रस ओतला. तिनं तोंड लावलं नाही. नखांमधून रस गळून गेला, आणि ती रसाकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी पुन्हा ओतला. पुन्हा तसंच.

मग मला कळलं. उपवास पुरा झाल्याशिवाय पारणं कसलं, आणि जनावराच्या उपाशी राहण्यानं तो पुरा कसा धरायचा? आक्काताई नियमाला पक्क्या होत्या.

"घ्या, आई," मी म्हणाले. "राहिलेलं मी पुरं करते."

तिनं रस प्यायला. सगळा. मग पेज खाल्ली, पपई खाल्ली, बादली चाटली. जिनेंद्र भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं, आनंदानंच.

हे होऊन बरेच दिवस झाले. परवा शामूचा फोन आला होता. करडी अंगानं भरलीया, म्हणाला.

मला मात्र त्या सकाळपासून भूक नाही. निवलेलं पाणी पुरतं, आणि दिवस मावळला की तेही नकोसं होतं. एकच उपवास राहिला होता, तो एका दिवसात फिटायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पानावर बसले तर घास घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशीही तेच. अशक्तपणा म्हणावा तर तोही नाही. उलट शेजारणी म्हणतात, तोंडावर तेज आलंय.

आज सकाळी मी उन्हात बसले होते. जिनेंद्र रसाचा पेला घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. लग्न झाल्यापासून ते मला नावानं हाक मारतात, दुसरी हाक नाही.

"आई..." ते हळूच म्हणाले, "घेतीस काय आता?"

आपण काय बोललो, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र ओ दिली होती.