ड्रिलच्या टोकावरचं गवत

"तळ्याकडे पाठ करून बसणारी या गावात तू एकटीच दिसतेस."

मी दचकले. कॉफी हातमोज्यावर सांडली. सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या तळ्याकडच्या मोठ्या खिडकीकडे वळलेल्या, माझी तेवढी भिंतीकडे. समोर रेमी उभा होता – शाळेत नुकताच आलेला भूगोलाचा मास्तर. भुवयांवर दंव, खांद्यावर हॉकीची काठी, आणि हसू तर असं की... जाऊ दे.

"भिंत जास्त छान आहे," मी म्हटलं.

"मग मीही भिंतच बघतो," म्हणत त्याने खुर्ची ओढली.

खरं कारण मी सांगितलं नाही. नऊ वर्षांपूर्वी माझा भाऊ दानिलो याच तळ्याचा बर्फ फुटून खाली गेला. मी त्याचा हात धरला होता. माझ्या हातात त्याचा हातमोजा राहिला... फक्त मोजा. तेव्हापासून मी बर्फावर पाय ठेवलेला नाही. थंडी वाढली की बर्फ जाड होताना तळं कण्हतं. लोकांना तो आवाज ऐकून हुरूप येतो, मी खिडकी लावून घेते.

बैठक सुरू झाली. विषय एकच – हिवाळी जत्रेत मोठ्यांची हॉकी स्पर्धा ठेवायची की नाही.

"जत्रा लेकरांची आहे!" ओल्गाकाकू कडाडल्या. "हे दाढीवाले एकमेकांना आपटणार, शिव्या घालणार, आणि पोरांना घसरायला वीतभर जागा नाही!"

"हॉकी काढली तर येणार कोण? तुझे बटाट्याचे पेरोही खायला?" वॉल्टर न्हावी म्हणाला.

"गेल्या वर्षी अठरा हाणलेस, तेव्हा कुठे गेलं होतं हे तोंड?"

हशा पिकला. मग हात वर झाले – सात इकडे, सात तिकडे. उरलं माझं मत, कारण समितीची चिटणीस मी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रेमीचीही. हॉकी संघाचा कप्तान तोच होता.

"उद्या सांगते," एवढंच कसंबसं बोलले.

तो बाहेर माझ्यामागून आला. "लेस्या, राग हॉकीवर आहे की माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला असेल?"

"हायसं वाटलं. मग?"

मग मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याने धीर-बीरही दिला नाही. एवढंच म्हणाला, "सकाळी बर्फ मोजायचाय. तू ये. तू म्हणशील ते मला मान्य."

सकाळी मी तळ्यावरच्या धक्क्याच्या लाकडी टोकाला उभी होते. त्यापुढे पाऊल उचलेना. रेमीने बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या मधोमध ड्रिल फिरवलं, पट्टी घातली आणि ओरडला, "सोळा इंच! ट्रक उभा राहील इथे!"

आमच्या गावात बर्फ असाच मोजतात, मधोमध, जिथे खेळतात तिथे. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझी नजर कडेला गेली. मैदान साफ करताना रेमीने सगळा भुसभुशीत बर्फ कडेला लोटून उंच बांध घातला होता. जत्रेत पोरं आणि म्हातारे त्यावरच बसतात. बांध धक्क्यापासून पाच-सहा पावलांवर होता आणि त्याच्या पायथ्याशी ओला, करडा डाग दिसत होता. दानिलोही असल्याच ढिगावर चढला होता.

"रेमी, तिथे मोज. बांधाखाली."

"तिथे कोण मोजतं? तिथे कुणी खेळत नाही."

"तिथे पोरं बसतात!"

त्याने फावड्याने बांध उकरला, ड्रिल टेकवलं. दोन फेरे... आणि ड्रिल भसकन खाली गेलं. काळं पाणी त्याच्या बुटांवर चढलं. भुसभुशीत बर्फाच्या गोधडीने थंडी अडवली होती; खालचं पाणी नीट गोठलंच नव्हतं, आणि वर एवढं ओझं.

कड्... कड्...

"आडवा हो! पोटावर!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. धक्क्यावर त्याची काठी पडलेली होती. मी तिथेच पालथी झाले, काठी पुढे केली. तो सरपटत काठीपर्यंत आला, एक-एक वीत. त्याच्या मागे बांध खचला. मी डोळे मिटले, त्याचा मोजा हाताला लागला आणि मी तो जिवाच्या आकांताने ओढला.

मोजा आला. आणि आत हात होता.

आम्ही धक्क्यावर पडून राहिलो. तो थरथरत होता, मी रडत होते. "तो बांध मी घातला, लेस्या," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पोरांना नीट दिसावं म्हणून..."

संध्याकाळच्या बैठकीत तो स्वतःच उभा राहिला. "तळ्यावर स्पर्धा नको. चूक माझी."

"मधे सोळा इंच आहे की!" वॉल्टर म्हणाला.

"गाव मधे बसत नाही, वॉल्टर."

मी हात वर केला. "स्पर्धा होऊ द्या. पण शाळेच्या मैदानावर पाणी सोडून, ते गोठवून. सकाळी पोरं, दुपारी दाढीवाले."

"आणि शिवी दिली की बाहेर!" ओल्गाकाकूंनी ठणकावलं. सगळे हात वर गेले, काकूंचा सर्वांत आधी.

जत्रेच्या दिवशी मी शाळेच्या मैदानाच्या काठाशी उभी होते. खाली जमीन आहे, हे ठाऊक होतं. तरी दोन्ही पाय मी बर्फाबाहेरच ठेवले होते.

रेमी घसरत आला. एका हातात ड्रिल, दुसरी मूठ मिटलेली.

"किती आहे?" मी विचारलं.

"पाच इंच. कडेलाही पाच, बाकांखालीही पाच. एकोणीस ठिकाणी मोजलं. वॉल्टर म्हणतो, मास्तर वेडा झालाय."

"झालायस का?"

"झालोय. भिंत बघत बसलो होतो ना, तेव्हाच."

त्याने मूठ उघडली. तळहातावर पिवळं, गोठलेलं गवताचं एक पातं होतं. "ड्रिलच्या टोकाला आलं. खाली हे आहे, लेस्या. पाणी नाही."

भीती गेली नव्हती. ती काही अशी एका दिवसात जात नाही. मी गवताचं पातं खिशात जपून ठेवलं, मोजा काढला आणि उघडा हात पुढे केला.

"सोडू नकोस," मी म्हटलं.

त्यानेही मोजा काढला. मी पाय बर्फावर ठेवला.