गार विस्तव

ही गोष्ट खरी आहे. शपथबिपथ मी घेणार नाही, ज्याला पटेल त्याने वाचावी. मी सांगतोय आणि माझी नात टाइप करतेय. मध्येच हसलीस तर सांगणं बंद करीन, हे तिला आधीच बजावलंय.

भुतं रात्रीच येतात असं वाटत असेल तर तुम्ही चुकताय.

हे भर दिवसा घडलं.

गाव कुरवंडे. लोणावळ्याच्या वर, नागफणीकडे जाताना लागतं ते. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षीचा आषाढ. आमच्याकडे आषाढात धुकं असं बसतं की अंगणातली म्हैस दिसत नाही, नुसती तिच्या गळ्यातली घंटा ऐकू येते.

मी तेव्हा तिथल्या आमच्या घरातच होतो. पण मला आठवायचं कसं? माझी पाचवीसुद्धा पुजायची होती.

सगळं मला आईने सांगितलं. सरुबाई तिचं नाव. खोटं बोलण्याइतका उत्साह तिच्यात कधीच नव्हता. शेवटचं तेवढं नानांनी सांगितलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते फार उशिरा.

तर आधी आवाज आला.

सकाळची वेळ. बाया भाताच्या लावणीला निघालेल्या. धुक्यात घरघर सुरू झाली... कुठून येते ते कळेना. एकदा डोक्यावरून गेली. परत आली. या वेळी फार खालून.

मग थांबली.

आई म्हणायची, "धडाका मागनं झाला. आदी निसतं गप झालं."

मुंबईला निघालेलं प्रवासी विमान होतं. आमच्या वरच्या डोंगराला धडकलं. गावातले सगळे पुरुष घोंगड्या घेऊन वर पळाले. आमचे नानाही. गेणू त्यांचं नाव, तेव्हा ऐन पंचविशीत होते. संध्याकाळी परत आले. आजीने विचारलं, "काय दिसलं रं?"

"कायबी न्हाई," नाना म्हणाले.

त्यांनी पावसासाठी डोक्यावर घेतलेलं इरलं काढून भिंतीला लावलं. हात धुतले. थोडा वेळ बसले. उठून परत हात धुतले.

लोणावळ्याहून माणसं छत्र्या घेऊन बघायला यायला लागली. बाजारात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, देवाने माणसाला पंख दिले नाहीत ते उगाच नाही. कुणी म्हणे, मरायचंच तर जमिनीवर मरावं, निदान मढं तरी धड सापडतं. बंगल्यातल्या एका शेठने म्हणे काढलेलं विमानाचं तिकीट फाडून टाकलं आणि आगगाडी धरली. सगळ्यांना बोलायचं होतं.

आमच्या गावात कुणी काही बोलत नव्हतं.

वरून दुसरं विमान गेलं की हातातलं काम थांबायचं. शेतातल्या बाया वाकलेल्या तशाच राहायच्या. आया पोरांना पदराखाली ओढायच्या. आवाज पार विरला की परत कामाला लागायच्या. कुणी कुणाकडे बघायचं नाही.

मीही आजवर विमानात बसलेलो नाही. मुलगा बंगळुरूला बोलावतो. "आबा, दीड तासात पोचाल." पोचीन की बाबा. कुठे, ते सांग.

असो. आता रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावच्या शिवेत मढं असेतोवर गावात चूल पेटत नाही. आपलं असो, परक्याचं असो. पावसामुळे वरची मयतं डोलीत घालून खाली न्यायला दिवस लागत होते. जाणते अंबाजीबाबा चावडीत म्हणाले, "शेवटली डोली शिवंपल्याड गेल्याबिगर कुनी इस्तू करायचा न्हाई." आणि गावाने ऐकलं. शिळ्या भाकरी खाल्ल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले. आषाढातल्या गारठ्यात सगळं गाव विस्तवाशिवाय बसलं.

एक घर सोडून.

माझी आजी, मुक्ताबाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. ती म्हणाली, "मेलेल्यांची रीत मेलेल्यांपाशी. माज्या घरात बाळंतीन हाय." तिने दार लावून घेतलं, फटीला पोतं अडकवलं आणि आईच्या बाजेखाली शेगडी पेटती ठेवली. माझ्यासाठी.

आमचं घर गावातलं शेवटचं. डोंगराच्या अंगाला.

आजीची चूक म्हणायची तर एवढीच. सगळ्या गावात विस्तव फक्त आमच्याकडे होता.

मग शेवटची डोली खाली गेली. सगळी नेली म्हणून वरच्या लोकांनी सांगितलं. अंबाजीबाबांनी दवंडी दिली. घराघरांतून धूर निघायला लागला. बायांनी पिठलं केलं, भात केला.

आमच्या घरी पाणी तापेना.

सुईण शालूबाई मला न्हाऊ घालायला आली होती. चुलीवर हंडा. खाली चांगला जाळ. बराच वेळ झाला... पाणी गार.

"लाकडं वली असत्याल," ती म्हणाली.

लाकडं ओली असती तर धूर झाला असता. धूर नव्हता. जाळ पिवळाधमक होता.

शालूबाईने हात जाळाजवळ नेला. आणखी जवळ नेला.

मग जाळात घातला.

"आगं बया!" एवढंच म्हणाली आणि हात पदरात गुंडाळला. भाजला नव्हता. गार पडला होता.

शेगडीचंही तेच. निखारे लालभडक, आणि बाजेखाली विहिरीतल्यासारखा गारवा. शालूबाईने स्वतःच्या घरून कढत पाण्याची कळशी आणली. उंबऱ्यापर्यंत वाफ येत होती. उंबरा ओलांडला... वाफ नाही.

मी रडायचा थांबलो होतो. आईला आधी बरं वाटलं, झोपला म्हणून. मग तिने पाय चाचपले. ते निळे पडत होते. अंगावर घेतलं तर मी ओढीना.

आजीने मला घोंगडीत गुंडाळलं आणि शालूबाईच्या घरी पळाली. तिथल्या चुलीवर भाकरी फुगत होती. आजी मला घेऊन चुलीपाशी बसली... आणि तव्यावरची भाकरी खाली बसली. पुढे भाजलीच नाही.

शालूबाईच्या सासऱ्याने हात जोडले. "मुक्ताकाकू, रागावू नगा. पन हितनं जावा."

आजी रागावली नाही. परत आली.

घरात कुणी रडत नव्हतं. आई म्हणायची, "रडू यायला बी अंगात ऊब लागती." ती मला छातीशी धरून बाजेवर बसली. आजी दाराशी. नाना भिंतीला टेकून उभे. बाहेर दुपार होती, पण दारात धुकं पांढरं भिंतीसारखं उभं होतं.

तेव्हा आईच्या लक्षात आलं.

शेगडीतले निखारे मंदावत होते... आणि मध्येच फुलत होते. कुणी फुंकर घालावी तसे. थोडं थांबून परत.

वारा नव्हता.

मग आवाज आला...

थप.

थप.

थप.

आईला वाटलं आजी मला थोपटतेय. पण आजी दाराशी होती. आजीला वाटलं सून थोपटतेय. पण सुनेचे दोन्ही हात माझ्याभोवती होते.

आवाज शेगडीजवळून येत होता. त्याबरोबर बारीकसं गुणगुणणं. शब्द नाहीत. बाळंतिणीचं असतं तसं नुसतं हूं... हूं...

आजीने नानांकडे पाहिलं. नानांनीही ऐकलं होतं.

"शेगडी भायेर फेकतो," नाना पुढे आले.

"थांबा," आई म्हणाली. ती नवऱ्यासमोर सहसा बोलायची नाही. "आत्याबाई, ही वरल्या इमानातली बाई हाय. तिच्यापाशी ल्येकरू हाय. त्येच्यासाटी ऊब नेतीया ती. आपल्या बाळाच्या वाटची."

"सगळी मढी नेली म्हनत्यात की," आजी म्हणाली.

"न्हाई नेली."

आजी उठली. मग तिने उतरंडीतलं एक मडकं काढलं. शेगडीतले थोडे निखारे हातानेच उचलून त्यात टाकले. पोळायचा प्रश्नच नव्हता. मडक्याला दोरी बांधून तिने ते नानांपुढे धरलं.

हे काय असतं तुम्हाला माहीत आहे. घरचं माणूस गेलं की घरच्या विस्तवाचं मडकं धरून पुढे चालायचं असतं.

नाना मागे सरले. "आये, आपलं कोन मेलंय?"

"आपल्या इस्तवापाशी बसू दिली ना तिला? मंग ती आपल्या घरचीच झाली. चूल इझवली तर ह्ये पोर जाईल, ठिवली तर ती जायची न्हाई. तवा तिला पोचवून ये. ती ऊब जितं नेतीया, तितं मडकं पोळंल. तितं थांब."

नाना निघाले. वाटेत त्यांनी ठाकरवाडीतल्या शिदूला हाक मारली. त्या डोंगराच्या घळी शिदूला धुक्यातही सापडायच्या. त्याने मडकं पाहिलं, नानांचा चेहरा पाहिला आणि कुदळ खांद्यावर घेऊन मागे चालायला लागला.

इथून पुढचं आईला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत, की ती माझ्या नाकापाशी कान लावून बसली होती. श्वास येत होता... मग बऱ्याच वेळाने येत होता.

दिवस कलला. घाटात वर चढणाऱ्या गाडीच्या इंजिनाने लांबलचक शिटी दिली.

शिटी संपली आणि आजी किंचाळली. तिचा हात शेगडीवर टेकला होता. तळहाताला फोड आला.

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं.

आणि मी रडलो.

आई म्हणायची, असा रडलास की शेजारपाजारची धावत आली. शालूबाईने मला शेकलं. मी दूध ओढलं. आजी भाजलेला हात कुणाला बघू देईना. एकसारखी तोच हुंगत होती आणि हसत होती, विस्तव पोळला म्हणून.

नाना रात्री आले. आजीने विचारलं, "सापडली?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी माणसं गेली आणि घळीतल्या कपारीतून एका बाईला डोलीत घालून खाली नेलं. लेकराबद्दल नानांनी कुणाला सांगितलं नाही. शिदूनेही नाही. कुणी विचारलंही नाही. त्या डोंगरावर मोजदाद करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

एवढीच गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. मला ती आवडायची. मी वाचलो ना तिच्यात.

मग माझा पहिला मुलगा झाला. आईने कौतुकाने त्याला नानांच्या मांडीवर ठेवायला नेलं. नानांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नगं," म्हणाले.

आई आत गेली. तेव्हा मला आठवायला लागलं. नानांनी गावातलं कुणाचंच तान्हं पोर कधी घेतलं नव्हतं. आम्हा भावंडांनाही चालायला लागेपर्यंत नाही. आम्हाला वाटायचं, माणूस रागीट आहे.

मी म्हटलं, "नाना, त्या दिशी वर काय झालं व्हतं?"

त्यांनी अंगणाकडे तोंड केलं. मग सांगितलं. आवाज जराही हलला नाही.

मडकं गार होतं. घळीच्या तोंडाशी कोमट झालं. कपारीपाशी इतकं पोळलं की हातातून सुटलं. बाई दगडाला टेकून बसली होती. डोळे उघडे. अंगाला खरचटल्याची खूण नाही. शिदूने हात लावला, ती दगडासारखी थंड. जाऊन दिवस झाले होते. तिचा एक हात मांडीवर होता, थोपटताना थांबावा तसा.

पदराखाली लेकरू होतं. माझ्याएवढं.

"त्ये गरम व्हतं," नाना म्हणाले.

मग त्यांनीच पुढे सांगितलं.

"तान्ह्याला जाळत न्हाईत, मातीच द्येत्यात. शिदूनं खड्डा केला. मी धोतराचं सूत काडलं, त्येच्या नाकाशी धरलं. हाललं न्हाई. शिदू म्हनला, गेलंय, ठिव खाली. मी ठिवलं. माती लोटली. गाडीची शिटी झाली तवा शेवटला दगड ठिवत व्हतो."

"सूत हाललं नव्हतं ना, नाना? मंग झालं तर."

"न्हाई हाललं."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात, पाय, सगळं बघून घेतल्यासारखं.

"घाई व्हती रं. तू घरी गार पडत चालला व्हतास. सूत धरलं, येवढं आठवतं. किती येळ धरलं, त्ये आठवत न्हाई."

आतून आईने चहाला हाक मारली. नाना उठून गेले.

नाना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. शिदूही गेला. ती जागा कुठे, मला माहीत नाही, आणि मी शोधायलाही गेलो नाही. आषाढात धुकं उतरलं की मी दार लावून घेतो आणि शेगडीपासून लांब बसतो. नात म्हणते, "आबा, जवळ या ना, गारठलात."

मी जात नाही. ती ऊब माझ्या वाटची होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.