स्पर्शाआधी विचारलं का?

चुकून मी आमच्या वर्गाशेजारच्या खोलीत शिरले आणि बघते तर काय, कॉटवर एक जण पोट धरून गुरासारखा ओरडतोय. माझ्या हातातली वही खाली पडली. नाडी बघू की डॉक्टरांना हाक मारू, काही सुचेना. मी दाराकडे पळाले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, थांबा... मी खोटा आहे."

वळून पाहिलं तर तो उठून बसला होता. केस विस्कटलेले आणि चेहरा असा ओशाळलेला की मला हसू आवरेना.

"खोटा म्हणजे?"

"सरावाचा पेशंट. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी. आज माझं पोट दुखायचंय."

"मग जरा बेतानं दुखू द्या की. माझा जीव जायची वेळ आली होती."

त्या दिवसापासून मी त्याचं नाव पोटदुखी ठेवलं. दर गुरुवारी आमचा नीतीचा तास असायचा. पेशंटचं गुपित कसं जपायचं, परवानगी कशी घ्यायची, तो नको म्हणाला तर काय करायचं. आणि दर गुरुवारी हा नवं दुखणं घेऊन हजर. कधी मोडलेला पाय, कधी औषध घ्यायला तयार नसलेला हट्टी माणूस. खरा तो कोण, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. सरावाच्या पेशंटला खासगी काही विचारायचं नाही, असा आमच्या बाईंचा दंडक. आणि मी तर जन्माची चौकस. आई म्हणते, ही पोरगी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही.

"तुमच्या अंगठ्यावर बारीक चिरा आहेत," एकदा नाडी बघताना मी म्हटलं. "सुतारकाम करता?"

"माझ्या धंद्याचा आजाराशी काही संबंध आहे का, सिस्टर?"

"नाही..."

"मग राहू द्या." आणि असा हसला की माझी नाडीची मोजणीच चुकली.

परीक्षेलाही तोच आला. प्रसंग असा, की रिपोर्ट वाईट आलाय आणि पेशंट विनवतोय, माझ्या भावाला सांगू नका. भावाचं काम बाईंकडे होतं. त्यांनी मला दारातच गाठलं, रडून पाहिलं, रागावून पाहिलं. मी ब्र काढला नाही. मनात म्हटलं, जिंकलीस. आत आले तर त्याच्या डोळ्यांत पाणी... ते नाटकातलं वाटेना. मी पटकन त्याचा हात हातात घेतला. गरम, खरखरीत हात होता तो. सोडवेना.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नापास. मार्कांचा फॉर्म पेशंटच भरतो आणि त्यात एक सक्तीचा रकाना असतो — स्पर्शाआधी विचारलं का? तिथे 'नाही' आलं की बाकी मार्क कितीही असोत, नापासच; आणि त्यानं नेमकी 'नाही'वर खूण केली होती. पंधरा दिवसांनी आणखी एकच संधी, ती हुकली तर वर्ष गेलं.

पुढच्या गुरुवारी मी त्याला जिन्यात गाठलं.

"दुसऱ्या चौकोनात खूण केली असती तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"माझं काहीच नाही." तो कठड्याला टेकला. "तुम्ही हात धरलात ते मला आवडलं. पण आवडलं ते मला. त्या पेशंटला तुम्ही विचारलंच नव्हतं."

मी रागातच वर जायला वळले.

"आणि पुढच्या परीक्षेला मी नाही. बाईंना सांगून आलोय."

"का? माझी भीती वाटते?"

"तुमच्या फॉर्मवर आता माझ्या हातून सरळ खूण होणार नाही... म्हणून."

आणि तो भराभर जिना उतरून गेला. मी पायरीवरच बसले.

परीक्षेपर्यंतचे उरलेले दिवस अभ्यासापेक्षा ते वाक्यच जास्त घोकलं. एकदा बाईंच्या टेबलावर सरावाच्या पेशंटांच्या पत्त्यांची वही उघडी पडलेली. बाई बाहेर गेलेल्या. माझे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी डोळे मिटून वही बंद केली आणि दिवसभर स्वतःवर चिडत राहिले.

या वेळी पेशंट म्हणून एक निवृत्त मास्तर होते. मी इतक्यांदा परवानगी मागितली की ते कण्हायचं सोडून म्हणाले, "धर गं बाई हात एकदाचा." पास झाले.

निकालाच्या संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता.

"चष्म्याच्या काचा घासतो मी," न विचारताच म्हणाला. "चिरा त्याच्याच. इतके दिवस जीव टांगणीला लागला असेल तुमचा."

"लागला होता. मी पास झाले."

"बोर्डावर वाचलं."

बाईंनी तीन पायऱ्या शिकवल्या होत्या. कारण सांगायचं, परवानगी मागायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "म्हणून... हात धरू का?"

तो नुसता बघत राहिला. पहिल्या दोन पायऱ्या सोप्या असतात, हे मला तेव्हा कळलं. एक सायकल गेली, एक बस गेली. मी थांबले.

"नाही म्हणायचा हक्क आहे ना मला?"

"आहे," मी म्हटलं. "कधीही."

"मग आज नाही वापरत," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.