गंगारामच्या पोटातली वल्ही

माझ्या गोष्टींत निम्मा मसाला असतो, हे मालवणातलं शेंबडं पोरही सांगेल. ही मात्र अळणी आहे. घडली तशी.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. मी तिथल्या एका छोट्या इस्पितळात कंपाउंडर होतो. गंगाराम कोळंबच्या खाडीवर होडीने माणसं उतरवायचा. पलीकडून हाक आली की भरल्या ताटावरून उठायचा. हाक मारणाऱ्याला काठावर ठेवायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम.

पोटदुखीने आणला तेव्हा त्याने ओरडून इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं. मग दुपारी दुखणं एकदम थांबलं. बायको तुळसा हरखून पेजेचा टोप घेऊन आली.

"रामेश्वर पावलो गो! आता चार घास खावंदेत."

तेवढ्यात सुभद्राबाई नर्स आल्या. हात चुलीवर शेकल्याशिवाय त्या कुणाच्या पोटाला लावायच्या नाहीत, म्हणून सगळा गाव त्यांच्यावर जीव टाकायचा. गंगाराम गुडघे वर घेऊन निपचित पडला होता. पोट होडीच्या फळीसारखं कडक. नाडी बारीक, पळती.

"तुळसा, पेज मागे ने. पाण्याचो थेंबय नको. दुखणा जावक नाय, पोटात आतडा फुटलाहा."

त्यांनी पोटाला तपासायची नळी लावली. निरोगी पोट कुरकुरतं, फुटलेलं मुकं होतं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग नळ्या माझ्या कानात दिल्या.

"भाई, तुमका काय ऐकाक येता?"

पोट मुकंच होतं. पण त्याच्याही खाली, दूर, वल्ही पडत होती. चुबुक. चुबुक.

"पलीकडसून हाक येता," गंगाराम डोळे मिटूनच म्हणाला. "माका जावक व्हया."

सुभद्राबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "आज होडी बंद आसा. तेका मी सांगतंय."

त्यांनी खाटेच्या उशाकडच्या पायांखाली चिरे लावले, पू वर चढू नये म्हणून. सलाईन जोडलं, नाकातून नळी घातली, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टरांनी आल्या पावली पोट उघडून धुतलं.

पुढे सगळं इस्पितळ गंगारामच्या पोटातून एक वारा सुटायची वाट बघत होतं; आतडी चालू झाल्याची तीच खूण. तो सुटला, तशी तुळसाने साखर वाटली!

घरी गेल्यावर त्याला होडी पलीकडच्या काठाला सापडली. गाठ त्याच्याच हातची. वल्ही ओली.

सुभद्राबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "कोणाक तरी जावचाच होता, भाई."

त्या गेल्या पावसाळ्यात वारल्या.

आज सकाळपासून माझं पोट दुखत होतं. मघाशी एकदम थांबलं.

घरात आम्ही दोघंच. बायको दोन्ही हातांत पेजेचं भांडं धरून समोर उभी आहे. "खावा बघू."

मी हात पुढे केला.

पोटावर एक तळवा टेकला. नुकताच शेकलेला.